आजोबांच्या पेटीतले दोन रंधे: वय कसं ठरवायचं?

ढलपी
नमस्कार मंडळी. आजोबा सुतार होते. त्यांची हत्यारांची पेटी आता माझ्याकडे आली आहे. त्यातल्या दोन रंध्यांबद्दल विचारायचं आहे.

पहिला लोखंडी. लांबी १४ इंच, पातं २ इंच रुंद. पुढच्या टोकाला ओतकामातच उठावदार अक्षरांत 'बेली' आणि मागे 'नंबर ५'. पातं काढल्यावर आत, पातं ज्या उतरत्या तुकड्यावर टेकतं त्याच्या मागे, तीन तारखा दिसल्या: २५ मार्च ०२, १९ ऑगस्ट ०२ आणि १९ एप्रिल १०. पात्यावर 'स्टॅन्ली', आणि त्याखाली हृदयाच्या आकारात 'एस डब्ल्यू'. पातं दाबून धरणाऱ्या लिव्हर कॅपवरही 'स्टॅन्ली' आहे, आणि तिच्यातलं स्क्रूचं भोक घेवड्याच्या दाण्यासारखं वाकडं आहे.

दुसरा लाकडी, अरुंद, तळाला गोलाई असलेला. पुढच्या टोकावर झिजलेला ठसा, मागच्या टोकावर '८' आकडा.

लोखंडी रंधा १९०२ चा की १९१० चा? आणि लाकडी १८०८ चा असू शकेल का?

सुतारपक्षी
ताई, आधी एक विनंती. अजून काहीही घासू नका. पॉलिश पेपर नको, तारेचा ब्रश नको. पात्यावरचा ठसा आणि धडावरचा काळा थर हेच तुमचे साक्षीदार आहेत. ते गेले की उरतो फक्त अंदाज.

नंबर ५ म्हणजे जॅक रंधा, लाकडाचा पहिला जाड थर काढणारा. 'बेली' हे ही रचना करणाऱ्याचं नाव. स्टॅन्ली या अमेरिकी कंपनीच्या क्रमांकांत लांबी दडलेली असते. ३ नंबर ८ इंची, ४ नंबर ९ इंची, ५ नंबर १४, ६ नंबर १८, ७ नंबर २२ आणि ८ नंबर २४ इंची. तुमची मापं ५ नंबरला बरोबर बसतात. म्हणजे निदान धड आणि क्रमांक एकमेकांचे आहेत.

बीडकाम
ढलपीताई, छान निरीक्षण. बहुतेक लोक फक्त पात्याचा फोटो टाकतात आणि वय विचारतात. तुम्ही धडाच्या आत पाहिलंत.

तारखांबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज आधी दूर करतो. ओतकामातली तारीख ही रंधा बनल्याची तारीख नसते, ती पेटंटची असते. पेटंट मिळाल्यावर तीच तारीख पुढे कित्येक वर्षं साच्यात राहते. त्यामुळे '१९ एप्रिल १०' इतकंच सांगते की हा रंधा त्या दिवसाच्या आधीचा नाही. १९०२ हा तर प्रश्नच मिटला.

वरची मर्यादा तारखांच्या संख्येवरून मिळते. १९०२ नंतर फ्रॉगच्या मागे दोन तारखा येऊ लागल्या. (पातं ज्या उतरत्या तुकड्यावर टेकतं तो फ्रॉग. या शब्दाला मराठीत सोयीचा पर्याय मला आजवर मिळालेला नाही, म्हणून तोच वापरतो.) १९१० मध्ये तिसरी तारीख आली. साधारण १९१९ पासून पुन्हा दोन झाल्या, आणि १९२५ च्या सुमारास एकच उरली. तीन तारखा असतील तर धड १९१० ते १९१८ या काळातलं.

दोन तारखांचे रंधे मात्र फसवतात, कारण ते या काळाच्या अलीकडचेही असतात आणि पलीकडचेही. तिथे आणखी खुणा बघाव्या लागतात. म्हणून तुम्ही तीन गोष्टी तपासून सांगा, तारखा स्पष्ट दिसत असल्या तरी:

१. फ्रॉगच्या मागच्या बाजूला, खाली, फ्रॉग पुढेमागे सरकवणारा छोटा स्क्रू आहे का? तो १९०७ च्या सुमारास आला.
२. पुढचा नॉब (हाताने धरायची पुढची मूठ) बुटका, गोल आहे की उंच?
३. पातं खालीवर करणाऱ्या पितळी नटाचा व्यास किती?

नट काढायचा झाला तर आटे डावे आहेत हे लक्षात ठेवा. उलटा जोर लावून आटे खराब झालेले रंधे मी पाहिले आहेत.

ढलपी
बीडकाम काका, तपासलं.

स्क्रू आहे. नॉब बुटका आहे, चेंडूसारखा. नट १ इंचाचा, पितळीच. आणि एक गोष्ट आधी सांगायची राहिली: पात्याच्या मागे डावीउजवीकडे सरकणारी दांडी आहे, तिच्या खालच्या टोकाला छोटी गोल चकती आहे.

बीडकाम
सुरेख. आता चित्र स्वच्छ झालं.

दांडीपासून सुरू करू. पातं तिरकं बसलं तर सरळ करण्यासाठी ही दांडी. तिचं पेटंट २१ ऑक्टोबर १८८४ चं, आणि रंध्यांवर ती १८८५ पासून आली. ती नसली तर रंधा त्याआधीचा, असा ढोबळ नियम. अपवाद १ नंबरचा. त्या चिमुकल्या रंध्याला ही दांडी कधी दिलीच नाही, म्हणून तिच्या अभावावरून त्याचं वय काढू नये. चकती १८८८ च्या पेटंटनंतरची.

फ्रॉगचा स्क्रू म्हणजे १९०७ च्या पुढे. बुटका नॉब म्हणजे साधारण १९१९ च्या आधी, कारण त्यानंतर उंच नॉब आला. नट १ इंचाचा, आणि १९२० च्या सुमारास तो सव्वा इंचाचा झाला. तीन तारखा. सगळ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात. धड, फ्रॉग, नॉब आणि नट हे १९१० ते १९१८ मधलेच, आणि बहुधा पहिल्या दिवसापासून एकत्र आहेत.

लिव्हर कॅप मात्र त्यांच्याबरोबरची नाही. तिच्यावर 'स्टॅन्ली' हे नाव १९२५ च्या सुमारास आलं. घेवड्याच्या दाण्यासारखं भोक त्याहून उशिरा, १९३३ पासून. त्याआधीचं भोक कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखं, वर गोल आणि खाली अरुंद असायचं. म्हणजे ही कॅप १९३३ नंतरची.

पातंही वेगळं. हृदयातला 'एस डब्ल्यू' म्हणजे स्टॅन्ली वर्क्स. रंधे करणारी कंपनी मुळात स्टॅन्ली रूल अँड लेव्हल, कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनची. ती १९२० मध्ये स्टॅन्ली वर्क्समध्ये विलीन झाली. हृदयाचा आकार हा त्या कंपनीचे अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या आडनावाचा मान. हा ठसा १९२० च्या सुमारापासून १९३५ पर्यंत चालला. १९१८ पर्यंतच्या धडाबरोबर कारखान्यातून हे पातं येणं शक्य नाही.

तीन भाग, तीन काळ.

उतारवाट
म्हणजे हा जोडतोड केलेला रंधा झाला? ताईंना वाईट वाटेल, पण मग याला 'मूळ' म्हणता येणार नाही ना? शिवाय या बेली रंध्यांचे जे वीस प्रकार, 'टाइप', सांगतात ते कंपनीनेच ठरवले का? इतक्या नेमक्या वर्षांवर विश्वास कसा ठेवायचा?

सुतारपक्षी
उतारवाट, 'जोडतोड' हा शब्द मला इथे पटत नाही. माझे हात रोज रंध्यावर असतात, म्हणून मनापासून लिहितो.

पातं ही संपणारी वस्तू आहे. रोज धार लावणाऱ्या माणसाच्या हातात ते दरवर्षी थोडं थोडं आखूड होतं. कधीतरी पोलाद संपतं आणि नवीन पातं येतं. लिव्हर कॅप बिडाची असते. कुणी स्क्रू जास्त आवळला, किंवा फरशीवर पडली, की तुकडा उडतो. मग दुसरी बसवायची आणि कामाला लागायचं. १९१० च्या दशकातल्या धडावर १९२०-३५ चं पातं आणि १९३३ नंतरची कॅप असेल, तर तो रंधा त्या सगळ्या वर्षांत वापरात होता. कपाटात पडून राहिलेल्या रंध्याचेच सगळे भाग एका वयाचे असतात.

ताई, पात्याला ठशापासून धारेपर्यंत किती पोलाद उरलं आहे ते मोजाल का?

बीडकाम
उतारवाट यांचा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. नाही, कंपनीने 'टाइप' कधी ठरवले नाहीत. जुने रंधे गोळा करणाऱ्यांनी शेकडो नमुने शेजारी ठेवून, काय कधी बदललं याची उतरंड मागाहून लावली. कारखान्यात मात्र एका दिवशी सगळं बदलत नसे. नवीन साचा आला तरी जुन्या फ्रॉगची पेटी संपेपर्यंत तेच फ्रॉग बसत. म्हणून दोन लगतच्या टाइपांच्या खुणा एकाच रंध्यात दिसल्या तर तो मागून जुळवलेला असेलच असं नाही. पंधरा-वीस वर्षांचं अंतर दिसलं, जसं ताईंच्या कॅपमध्ये आहे, तर भाग नक्की बदलला.

दुसरं, ही उतरंड १ ते ८ नंबरच्या बेली रंध्यांसाठी आहे. हातात मावणाऱ्या ब्लॉक रंध्यांना ती लावू नका. स्टॅन्लीच्याच बेडरॉक मालिकेतल्या रंध्यांनाही नाही. ते ६०२ ते ६०८ असे सहाशेच्या क्रमांकांचे, त्यांचा हिशेब वेगळा.

माझी पद्धत अशी. प्रत्येक भागाचं वय वेगळं लिहायचं. धड आणि फ्रॉग यांना जास्त वजन द्यायचं, कारण ते सहसा बदलत नाहीत. पात्याला सगळ्यात कमी. आणि उत्तर एका वर्षात कधीच द्यायचं नाही. 'धड १९१० ते १९१८' हे खरं उत्तर. '१९१४ चा रंधा' असं कुणी छातीठोक सांगितलं तर त्याला विचारायचं, कोणत्या खुणेवरून?

नंतरच्या काळाच्या थोड्या खुणाही लिहून ठेवतो, इतरांना उपयोगी पडतील. उंच नॉब दिसायला डौलदार, पण बुडाशी चिरायचा. म्हणून १९२९-३० च्या सुमारास धडावर नॉबभोवती एक उठावदार कडं ओतलं जाऊ लागलं, त्यात नॉबचा तळ घट्ट बसतो. कडं आहे की नाही हे लांबूनही ओळखता येतं. दुसऱ्या महायुद्धातले रंधे तर हातात घेताच कळतात. पितळ युद्धाला लागत होतं, त्यामुळे नट पोलादी किंवा कडक रबराचा, आणि मुठी रोजवूडऐवजी साध्या लाकडाच्या, काळ्या रंगवलेल्या. १९६० च्या दशकात धडाचा काळा रंग जाऊन निळा आला.

पाचर
लोखंडी रंध्यावर बीडकाम यांनी सगळं सांगितलं आहे. मी लाकडी रंध्याची वाट बघत होतो.

ढलपीताई, '८' म्हणजे साल नाही. तळाला गोलाई असलेले रंधे जोडीजोडीने येत, एक खोलगट तळाचा आणि एक फुगीर तळाचा, म्हणजे एकाने गोल कड काढायची आणि दुसऱ्याने पन्हळ. त्या जोड्यांना १ ते १८ असे आकाराचे क्रमांक असत. पूर्ण संच ३६ रंध्यांचा, अर्धा १८ चा. मागच्या टोकावरचा आकडा हा तो क्रमांक. तुमचा ८ नंबरचा, त्याचा जोडीदार कुठेतरी हरवला आहे.

लांबी किती? आणि पुढच्या ठशाचा फोटो उजेड अगदी बाजूने, आडवा पडेल असा काढा. समोरून उजेड टाकला की झिजलेली अक्षरं पुसून जातात. कागद ठेवून वरून पेन्सिल घासली तरी चालेल, पण ठशात खडू किंवा रंग भरू नका.

ढलपी
पाचर, लांबी साडेनऊ इंच. आडव्या उजेडात चमत्कारच झाला. वरच्या ओळीत शेवटी '...सन' आणि खाली 'ग्लासगो' दिसतंय. त्याशिवाय बाजूला आणि मागे दोन वेगवेगळ्या माणसांची आद्याक्षरं आहेत, एक तर तीन ठिकाणी ठोकलेलं आहे.

सुतारपक्षीदादा, पातं मोजलं. ठशाच्या खालच्या खाचेपासून धारेपर्यंत जेमतेम पाऊण इंच पोलाद आहे. आजोबांनी ते फार वापरलं असणार.

पाचर
ग्लासगो आणि '...सन' म्हटलं की पहिलं नाव आठवतं ते मॅथिसन. ग्लासगोचा फार मोठा रंधेकार घराणा-उद्योग, सगळं एकोणिसावं शतक आणि विसाव्यातही चालू. पण नावाचा फक्त शेवट जुळला म्हणून शिक्का मारू नका. पहिलं अक्षर आणि नावाच्या पुढे 'अँड सन' आहे की 'अँड सन्स', हे सापडलं तर काळ बराच आवळता येतो. मुलगा धंद्यात आला, दुसरा आला, पत्ता बदलला, तसतसा ठसा बदलत गेला. लाकडी रंध्यांचं वय असंच निघतं. इथे पेटंटच्या तारखा नाहीत, माणसांची नावं आहेत.

आद्याक्षरं आहेत ती मालकांची. नियम साधा: करणाऱ्याचा ठसा पुढच्या टोकावर, मधोमध, नीट एकदाच. मालकाचं नाव कुठेही, वाकडंतिकडं, आणि पुष्कळदा अनेक वेळा, कारण कामाच्या जागी हत्यारं अदलाबदल होत. दोन मालक म्हणजे तुमच्या आजोबांच्या आधी किमान एक माणूस याच रंध्यावर पोट भरत होता.

साडेनऊ इंच ही लांबी महत्त्वाची. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात असे रंधे १० ते साडेदहा इंच असत. पुढे साडेनऊ हे माप ठरून गेलं आणि शेवटपर्यंत तेच राहिलं. वरच्या कडांची तासणीही बघा. जुन्यात ती रुंद आणि सपाट, नंतरच्यात अरुंद आणि गोलसर. लाकूड इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये बहुतेक बीच. अमेरिकेतले अगदी सुरुवातीचे रंधे पुष्कळदा पिवळ्या बर्चचे असतात.

त्यावरून आठवलं, जरा विषय सोडून लिहितो. अमेरिकेतला नोंदींत सापडणारा पहिला रंधेकार मॅसॅच्युसेट्समधल्या रेंथमचा फ्रान्सिस निकल्सन. त्याच्याकडे सीझर चेलोर नावाचा एक गुलाम काम करायचा. १७५३ मध्ये निकल्सन वारला, आणि त्याच्या मृत्युपत्राने चेलोरला स्वातंत्र्य मिळालं. त्यानंतर १७८४ मध्ये मरण येईपर्यंत चेलोरने स्वतःच्या नावाने रंधे केले. ज्या माणसाला कायदा मालमत्ता समजत होता, त्याने लाकडावर स्वतःचं पूर्ण नाव ठोकलं, आणि आज ते नाव रंध्यांवर वाचता येतं. झिजलेला ठसा जपा असं मी सारखं का म्हणतो ते यावरून कळेल.

उतारवाट
हे मला ठाऊक नव्हतं. धन्यवाद पाचर.

लाकडी रंध्याच्या पात्यावर 'कास्ट स्टील' लिहिलेलं असतं. त्यावरून काही कळतं का? ते ओतीव लोखंडच ना?

पाचर
नाही, हा नेहमीचा घोटाळा. 'कास्ट स्टील' म्हणजे बीड नव्हे. मुशीत वितळवून केलेलं एकजिनसी पोलाद. ही रीत शेफील्डमध्ये बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात बसवली. त्यामुळे तो शब्द दिसला की पातं त्यानंतरचं, पण तो ठसा पुढे दीडशे वर्षांहून जास्त चालला, म्हणून वय ठरवायला फारसा उपयोगी नाही. शेफील्डचं पातं ग्लासगोच्या रंध्यात असणं अगदी स्वाभाविक. रंधे करणारे पाती विकतच घेत. इथे पात्यावरचं नाव आणि लाकडावरचं नाव वेगळं असलं तर भाग बदलला असं समजू नका.

पातं घट्ट धरणारी लाकडी पाचर मात्र बघा. ती मूळची असेल तर खाचेत दोन्ही बाजूंनी सारखी टेकते, आणि तिचा रंग धडाइतकाच जुना दिसतो.

नवखा
धाग्यात मध्येच घुसतो, माफ करा. माझ्याकडे निळा रंधा आहे, '०५' लिहिलेला, नाव 'रेकॉर्ड'. हाही स्टॅन्लीच का? दिसायला हुबेहूब ढलपीताईंच्या रंध्यासारखा.

बीडकाम
रेकॉर्ड वेगळी. शेफील्डच्या सी अँड जे हॅम्प्टन कंपनीने १९३१ पासून हे रंधे काढले, बेलीच्याच रचनेवर. क्रमांकही तेच, फक्त पुढे शून्य लावून: ०४, ०५, ०७. निळा रंग ही त्यांची ओळख. तुमचा रंधा १९३१ च्या आधीचा असू शकत नाही, एवढं आत्ताच पक्कं.

स्टॅन्लीनेही १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात शेफील्डमध्ये कारखाना घेऊन इंग्लंडात रंधे करायला सुरुवात केली. त्यामुळे 'मेड इन इंग्लंड' लिहिलेल्या स्टॅन्लीला मी वर दिलेली अमेरिकी वर्षं लावू नका. ही चूक फार होते.

आणखी दोन नावं पेट्यांमध्ये भेटतात. मिलर्स फॉल्सने १९२९ मध्ये रंधे सुरू केले, आणि त्यांचा क्रमांक हीच इंचांतली लांबी. त्यांचा ९ नंबर म्हणजे स्टॅन्लीचा ४, त्यांचा १४ म्हणजे स्टॅन्लीचा ५. सार्जंटचे चारशेच्या घरातले: ४०९, ४१४. शेवटचे दोन आकडे वाचा, लांबी मिळते.

सुतारपक्षी
ढलपीताई, आता स्वच्छतेकडे वळू.

धडाच्या दोन्ही बाजू, तोंडाच्या (तळातल्या पात्याच्या फटीच्या) दोन्ही कोपऱ्यांपाशी, भिंगातून बघा. बिडाला चीर जाते ती तिथूनच. धड दोरीने टांगून लाकडाने हलकं टिचकवा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर चीर शोधा. पितळाच्या रंगाची एखादी रेघ दिसली तर कुणीतरी जुनी चीर पितळाने जोडली आहे. तसाही रंधा चालतो, फक्त माहीत असलेलं बरं.

गंज असेल तिथे तेल लावून एक-दोन दिवस ठेवा आणि लाकडाच्या चपट्या काडीने खरवडा. काळा थर सुटत असेल तिथे हात लावू नका. पात्याचा मागचा भाग धारेपाशी सपाट करा, ठशापर्यंत जाऊ नका. लाकडी रंध्याला पाण्यात अजिबात बुडवू नका, पाचर फुगून अडकते.

ढलपी
चीर नाही. छान खणखणीत वाजलं.

लिव्हर कॅप उलटी करून पुसली तर आतल्या बाजूला कानशीने काढलेल्या दोन बारीक खुणा दिसल्या, एक आडवी आणि एक तिरपी. अशाच खुणा आजोबांच्या पटाश्यांच्या दांड्यांवर आहेत. म्हणजे ही कॅप त्यांनीच बसवली, किंवा त्यांच्या हातात असतानाच आली. एखादी 'योग्य काळातली' कॅप शोधून बसवावी असं काल मनात आलं होतं. आता नाही.

लाकडी रंध्याच्या ठशावर आज सकाळी पुन्हा उजेड टाकला. पहिलं अक्षर 'एम' आहे, पाचर. 'सन' च्या पुढे 'अँड' सारखं काहीतरी आहे आणि मग लाकूड उडालं आहे. आकडा ८ चा जोडीदार पेटीत नाही, पण तळाच्या कप्प्यात ८ नंबरच्या फुगीर तळाच्या रंध्यात बसेल अशी एक सुटी पाचर सापडली. तिचा फोटो संध्याकाळी टाकते.

पाचर
त्या पाचरीचं वरचं टोक नक्की दिसू द्या. त्याचा आकार करणाऱ्यागणिक वेगळा असतो. दोन्ही पाचरी शेजारी ठेवून काढा.